सासर निम्मं लुइसचं, निम्मं मेयोचं. बाळाचं नाव काय ठेवू?

ग्लासगोहून लिहितेय. सातवा महिना संपत आला. मी सांगलीची. नवरा इथेच वाढला, पण त्याला "इथला" म्हटलं की सासूबाई दुरुस्त करतात. त्या स्कॉटलंडच्या लुइस बेटावरच्या, घरात गेलिक ही तिथली जुनी भाषा बोलत मोठ्या झालेल्या. सासरे आयर्लंडच्या मेयो काउंटीतले. मुलगा की मुलगी ते आम्ही विचारलेलं नाही.

दोन्हीकडची जुनी रीत सारखीच आहे. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, थोरल्या मुलीला आईच्या आईचं. म्हणजे मुलगी झाली तर तिचं नाव कुसुम! या रीतीला सध्या सगळ्यात जोरदार पाठिंबा माझ्या आईचा आहे. लुइसवर तर नात झाली तरी आजोबांचं नाव सोडत नाहीत, शेवटी 'ईना' जोडून देतात. मर्डोची मर्डिना, केनिथची केनिथिना. सासूबाईंच्या आईचं नाव मर्डिनाच होतं, पण निदान त्यांचा स्वतःचा तरी तो हट्ट नाही.

त्यांचं पहिलं सुचवणं होतं 'आयला'. २०२० साली स्कॉटलंडमध्ये मुलींच्या नावांत हे पहिल्या क्रमांकावर होतं. व्हिडिओ कॉलवर त्यांनी ते प्रेमाने उच्चारलं आणि माझ्या बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. सासऱ्यांना 'नीव' हवंय, आयरिश दंतकथेतल्या चिरतारुण्याच्या देशातल्या राजकन्येचं नाव. पण त्याचं स्पेलिंग एन, आय, ए, एम, एच. सांगलीत सगळ्यांनी ते 'नियम' असं वाचलं.

जन्माची नोंद इथे २१ दिवसांत करावी लागते, आणि आईला बारसं बाराव्या दिवशीच हवंय. ज्यांच्या घरी अशी स्कॉटिश, आयरिश, वेल्श वगैरे केल्टिक मुळांची दोन वेगवेगळी घराणी आणि वर आपलं मराठी असा संसार आहे, त्यांनी लिहा ना. नुसती यादी नको. कसं ठरलं, कोण रुसलं, पुढे काय झालं ते हवंय.

कार्डिफ

आमच्याकडे बायकोचे वडील आयरिश, आई वेल्श. सासऱ्यांना तुमच्यासारखंच नीव हवं होतं. आम्ही 'निया' ठेवलं. निया म्हणजे तीच नीव, वेल्श वेशातली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका वेल्श कवीने ती आयरिश गोष्ट वेल्शमध्ये आणली आणि नाव तिकडे रुजलं. सासरे म्हणाले, "वेल्श लोकांनी चोरलं, पण नीट सांभाळलं."

माझी एकच मागणी होती, मधलं नाव वडिलांचं. ती ऐकून सासूबाई खूश झाल्या, कारण वेल्शमध्ये पूर्वी हेच होतं. 'आप् रीस' म्हणजे रीसचा मुलगा, त्याचं पुढे प्राइस झालं. 'आप् हावेल'चं पॉवेल झालं. आज ज्यांना आपण आडनावं समजतो ती मुळात बापाची नावंच. मुलीसाठी शब्द 'वेर्ख'. म्हणून लेकीच्या जन्मदाखल्यावर निया, मग वेर्ख, मग माझं नाव, मग आडनाव असं लिहिलंय. वेर्खचं स्पेलिंग 'एफ'ने सुरू होतं, त्यामुळे माझा भाऊ अजून 'फर्च' म्हणतो.

हो, आजीला काय म्हणायचं हेही आधीच ठरवा. दक्षिण वेल्समध्ये 'मॅमगी', उत्तरेत 'नाइन'. आमच्या सासूबाई दक्षिणेतल्या आहेत, चुकून नाइन म्हटलेलं खपत नाही.

डब्लिन

दोनच सूचना. आयरिश नावातल्या अक्षरांवरची तिरकी रेघ, फादा म्हणतात तिला, ती गाळू नका. ती दागिना नाही, स्वर दीर्घ करते, गाळलीत तर शब्दच बदलतो. दुसरं, नाव मराठीतही वाचून बघा. आमची यादी अशी बाद झाली: 'ऊना' (माझी आजी म्हणाली, लेकराला उणं कशाला?), मग 'ऑन्या', ज्याचं स्पेलिंग ए-आय-एन-ई. माझ्या भावाने कागदावर वाचलं, "आईने." आईने काय केलं?

शेवटी मुलगी 'तारा'. मीथ काउंटीत तारा नावाची टेकडी आहे, आयर्लंडच्या जुन्या राजांची गादी. आपल्याकडे अर्थ सांगायलाच नको. नवऱ्याची आजी वेल्श, तिच्या भाषेत ताऱ्याला 'सेरेन' म्हणतात, ते मधे घातलं. म्हणजे लेक तारा तारा झाली, चालतंय.

फॉलमथ, कॉर्नवॉल

बायकोची आई कॉर्निश, वडील आयरिश, मी साताऱ्याचा. मुलाचं नाव मी 'किरण' सुचवलं तेव्हा सासरे उडालेच. "म्हणजे आमचा कीरॉन!" आयरिश संताचं नाव, स्पेलिंग 'सी'पासून. गंमत अशी की आपल्या किरणचा अर्थ उजेडाची रेघ, आणि त्यांच्या नावाचं मूळ 'कीर' म्हणजे काळा. छोटा काळू म्हणा. पोरगं माझ्यावर गेलंय, तेव्हा सासऱ्यांचा अर्थ जास्त बरोबर आहे.

सासूबाई मात्र गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "पिरान?" संत पिरान हा कॉर्नवॉलच्या कथील खाणकामगारांचा संत, त्याचा दिवस ५ मार्च. आयर्लंडमधल्या एका कीरॉनचा दिवसही ५ मार्चच. दोघे एकच अशी जुनी समजूत आहे. अभ्यासक ती मानत नाहीत, पण सासूबाई मानतात, आणि घरात त्यांचंच चालतं. आयरिशमधला 'क' वेल्श-कॉर्निशमध्ये कित्येकदा 'प' होतो, म्हणून हे जुळवणं सुचलं असणार. आयरिश 'मॅक' आणि वर कार्डिफकरांनी सांगितलेला 'आप्' हेही त्याच नात्यातले, आपचं जुनं रूप 'माप'.

तर दाखल्यावर आयरिश स्पेलिंग आहे, कॉर्निश आजी पिरान म्हणते, साताऱ्यात तो किरण्या आहे. पोरगं तिन्हीला ओ देतं. भारतात एका कार्यालयात मात्र अर्जावर 'सिआरन' झालं, ते दुरुस्त करायला मला तीन खेपा पडल्या.

नांत

माझी गोष्ट थोडक्यात. बायकोची आई ब्रेतान्य या फ्रान्सच्या केल्टिक मुलखातली, वडील स्कॉटिश. आम्ही 'रोहन' ठेवलं. सासूबाईंना वाटलं मी त्यांच्यासाठी मुद्दाम शोधून आणलं, कारण तिथल्या मोर्बिआं जिल्ह्यात रोहन नावाचं गाव आहे आणि त्याच नावाचं ब्रेतान्यचं मोठं सरदार घराणं. त्यांचा जोसलांचा किल्ला आम्ही पुढे मुलाला दाखवला, तो म्हणाला, "माझा आहे?" सासऱ्यांना त्यात रोवनचं झाड ऐकू आलं. स्कॉटलंडमध्ये वाईट शक्तींपासून राखण म्हणून ते दाराशी लावतात. शाळेत फ्रेंच उच्चार 'रोआं' होतो, एवढंच.

पण सासूबाईंनी एक सांगितलं ते विसरत नाही. फ्रान्समध्ये १८०३च्या कायद्याने कोणती नावं चालतील ते सरकार ठरवायचं, आणि ब्रेतॉन नावं नोंदवायला कित्येकदा नकार मिळायचा. पूर्ण मोकळीक १९९३ मध्ये आली. तरी २०१७ मध्ये एका बाळाच्या 'फान्श' या नावातल्या 'एन'वरच्या नागमोडी रेघेवरून आईबापांना कोर्टात जावं लागलं. रेन शहरातल्या अपील कोर्टाने २०१८ मध्ये ती रेघ मान्य केली. तेव्हा नाव ठेवायचं स्वातंत्र्य आहे तर जरा धीट नाव ठेवा.

बेलफास्ट, मूळ नाशिक

सगळे आईबाप लिहितायत. मी ते बाळ आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

माझं नाव शिवॉन. स्पेलिंगमध्ये 'बीएच' आहे, त्याचा 'व' होतो. नाशिकच्या शाळेत हजेरीला 'सिओभान'. आजीने पहिल्याच दिवशी 'शोभा' करून टाकलं आणि गल्लीत मी शोभाच राहिले.

माझी आई बेलफास्टची. तिचे वडील डेरीचे कॅथलिक, आई स्कॉटलंडच्या एअरशायरमधली प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट. माझा जन्म १९९६चा, उत्तर आयर्लंडमधल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षावर तोडगा काढणाऱ्या गुड फ्रायडे कराराला अजून दोन वर्षं होती. त्या शहरात तेव्हा नावावरून माणसाची बाजू ओळखायचे. शिवॉन म्हटलं की कॅथलिक, पुढे काही विचारायची गरज नाही. आपल्याकडे आडनाव विचारून दोन सेकंद थांबतात ना, तसंच. फक्त तिकडे पहिल्या नावातच काम होऊन जायचं.

माझ्या स्कॉटिश आजीला हे नाव मुळीच नको होतं. तिचं म्हणणं होतं, साधं ठेवा, लेकराच्या कपाळावर पाटी कशाला? तिचं स्वतःचं नाव जीन. आणि शिवॉन हे जीनचंच आयरिश रूप आहे. आईने तिला सांगितलं, "नाव तुझंच ठेवलंय, उच्चार तेवढा बाबांचा." आजी वर्षभर मला 'द बेबी' म्हणत होती. नंतर आम्ही नाशिकला आलो आणि ती पत्रावर 'लिटल जीन' लिहायला लागली. ती पत्रं माझ्याकडे आहेत. शिवॉन तिने एकदाही लिहिलं नाही.

एमए करायला मी परत इथे आले. घर बघायला गेले तेव्हा मालकीणबाईंनी नाव ऐकलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग मराठी आडनाव वाचलं. त्यांचं गणित कुठेतरी अडकलं ते मला स्पष्ट दिसलं. खोली मिळाली. पण आई ते नाव ठेवताना काय करत होती ते मला त्या दिवशी कळलं. मला नाव आवडतं, बदलणार नाही. फक्त ग्लासगोताई, तुमच्याकडेही ही भानगड थोडी आहे, फुटबॉलच्या निमित्ताने दिसतेच. सासऱ्यांचं नाव घ्याल तेव्हा सासूबाईंना गप्प राहायची वेळ येत नाही ना, ते बघा.

ग्लासगो

बेलफास्टताई, खूप आभार. सासूबाई लुइसच्या, म्हणजे कडक प्रोटेस्टंट चर्चच्या घरातल्या. त्या नीवला "छान आहे" एवढंच म्हणतात. आता त्याचा अर्थ मला वेगळा लागतोय.

लिमरिक

मधेच एक. आयर्लंडचे माजी पंतप्रधान वराडकर, त्यांच्या वडिलांचं घराणं मालवणजवळच्या वराडचं, आई वॉटरफर्डमधल्या डन्गार्व्हनची. नाव ठेवलं लिओ. ना फादा, ना नावरस. २०१७ मध्ये पंतप्रधान झाले. आमच्या घरी नावावरून वाद झाला की सासरे हे उदाहरण फेकतात.

पुणे

मी आजी आहे. नात एडिंबरात असते. सूनबाईची आई स्काय बेटावरची, वडील वेल्श. भटजींनी रोहिणीचा दुसरा चरण सांगितला, अक्षर 'वा'. मी म्हटलं, आता यांना 'वा'वरून काय मिळणार? सून म्हणाली, "वारी." मी रडलेच हो. आमच्या घरात माझ्या सासूबाईंपासून पंढरीची वारी आहे.

मग तिने उलगडून सांगितलं. मूळ नाव मारी, म्हणजे मेरी. गेलिकमध्ये हाक मारताना शब्दाचं पहिलं अक्षर मऊ होतं, म्हणून मारीला हाक मारायची तर 'अ वारी'. आपण देवला 'देवा' म्हणतो तसं संबोधन. पुढे ती हाकच लोकांनी नाव म्हणून ठेवली. हेमिशचंही तसंच, मूळ शेमस. तेव्हा बाई, कागदावर लिहून बघू नका. मागच्या दारात उभं राहून, जेवायला बोलावतो तशी हाक मारून बघा.

ग्लासगो

आजी, तुमचं ऐकलं. काल संध्याकाळी सासूबाईंना मागच्या दारात उभं केलं आणि वारी, निया, तारा, हेमिश अशा खणखणीत हाका दोन-दोनदा मारायला लावल्या. आधी लाजल्या, मग लुइसचा आवाज निघाला. सासरे खिडकीतून ऐकत होते. आई कॉलवर होती, तिने मधेच "कुसुम पण म्हणा" म्हटलं, तेही म्हटलं.

शेजारचा कुत्रा दोन्ही वेळा 'निया'ला धावत आला. निया बाद. कार्डिफकर, माफ करा.