लेखकाने पैसे भरलेच पाहिजेत असं नाही

संशोधनपर लेख सगळ्यांना मोफत वाचू देण्याच्या पद्धतीवर, म्हणजे ‘मुक्त प्रवेशा’वर (ओपन ॲक्सेस), इथे चर्चा चालली आहे. ‘मुक्त प्रवेश म्हणजे वाचकाचा खर्च लेखकाच्या माथी’ हे त्यातलं एक मत मला अर्धंच पटलं. परदेशी जर्नल्स (संशोधन नियतकालिकं) लेख छापायला लेखकाकडून घेतात ते प्रकाशन शुल्क आपल्याकडच्या प्राध्यापकांना झेपत नाही, हे खरंच. पण मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयातून १९५५ पासून निघणारं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ आंतरजालावर मोफत झालं, ते लेखकांकडून पैसे न घेता. छापील अंकाची वर्गणी सुरूच होती.

जुन्या अंकांचा विषय मात्र इथे निघालाच नाही. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) जर्नलचे १८८६ पासूनचे कितीतरी खंड ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ या ऑनलाइन ग्रंथालयात खुले आहेत. जर्नल्सची एकत्रित वर्गणी भरणारी केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सरकारी संस्थांपुरती. म्हणून आमच्या विनाअनुदानित कॉलेजात खाडीवरच्या प्रोजेक्टसाठी मुली या खंडांपासूनच सुरुवात करतात, आणि पासवर्ड कुणी मागत नाही.