कोविड हिमोग्लोबिन बिघडवतो, हा दावा मुलांकडून कसा तपासून घ्यावा?

सिडको_अभ्यासिका, नाशिक
बारावीच्या मुलांसमोर हा जुना दावा उदाहरण म्हणून घेतोय. २०२० च्या पूर्वार्धात एका प्रीप्रिंटमध्ये (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच ऑनलाइन टाकलेल्या शोधनिबंधात) म्हटलं होतं की विषाणूची प्रथिनं हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या हीमवर (ऑक्सिजन धरणाऱ्या, लोह असलेल्या भागावर) हल्ला करून लोह सोडवतात, म्हणून ऑक्सिजन घसरतो. पुरावा फक्त डॉकिंगचा, म्हणजे दोन रेणू एकमेकांत बसतात का हे संगणकावर पाहण्याचा. मुलं म्हणतात, रुग्णांचं फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) वाढायचं, म्हणजे लोह सुटलंच की. त्यांना काय सांगू?

छातीरोग_नाशिकरोड
सर, फेरिटिन बाजूला ठेवा. ते कुठल्याही जोरदार दाहात वाढतं, डेंग्यूच्या रिपोर्टातही भरपूर दिसतं. असं मोजमाप घ्या जिथे दोन तर्कांची, म्हणजे हिमोग्लोबिन बिघडलं की फुप्फुस, उत्तरं वेगळी येतात: एबीजीमधला (धमनीतल्या रक्ताच्या वायुतपासणीतला) पीएओटू. तो प्लाझ्मात विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब असतो. नुसतं हिमोग्लोबिन बिघडलं तर पीएओटू ८०-१०० मिमी पारा, म्हणजे नॉर्मल राहील आणि सॅच्युरेशन (ऑक्सिजन धरलेल्या हिमोग्लोबिनची टक्केवारी) तेवढं पडेल. कोविड न्यूमोनियात मात्र पीएओटूच ६० च्या खाली जायचा. शिवाय पालथं झोपवल्यावर बऱ्याच रुग्णांचा ऑक्सिजन सुधारायचा. पालथं केल्याने फुप्फुसात हवा आणि रक्त यांचा मेळ सुधारतो, हिमोग्लोबिन होतं तेच राहतं.

एबीजी_टेक्निशियन
इथे एक खाच आहे. साधं एबीजी मशीन सॅच्युरेशन मोजत नाही, पीएओटू आणि पीएचवरून हिशेबाने काढतं. त्यात बिघडलेलं हिमोग्लोबिन दिसणारच नाही, आकडा को-ऑक्सिमीटरचाच (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणाऱ्या यंत्राचाच) हवा. बोटावरचा ऑक्सिमीटर ६६० आणि ९४० नॅनोमीटरच्या आसपासच्या दोनच तरंगलांबी वापरतो. मेथहिमोग्लोबिन (लोह ऑक्सिडाइझ झाल्याने ऑक्सिजन धरू न शकणारं हिमोग्लोबिन) फार वाढलं की तो ८५ च्या जवळ अडकतो. आणि सिरिंजमध्ये बुडबुडा राहिला तर घसरलेला पीएओटू खोटाच वर जातो. बुडबुडा लगेच काढून नमुना अर्ध्या तासात मशीनला लावायचा.

जीवरसायन_पंचवटी
मुलांना आकडेमोड करायला लावाच. रक्त ५ लिटर, लिटरला १५० ग्रॅम, म्हणजे हिमोग्लोबिन ७५० ग्रॅम. सॅच्युरेशन ८० वर आणायचं तर त्यातलं सुमारे १५० ग्रॅम निकामी व्हायला हवं. हीममागे एक प्रथिन धरा. ओआरएफ ८ हे विषाणूचं प्रथिन साधारण १४ किलोडाल्टनचं (किलोडाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचं एकक), तर १३० ग्रॅमच्या घरात विषाणूप्रथिन लागेल. २०२१ मधल्या अंदाजानुसार संसर्ग शिगेला असताना शरीरातले सगळे विषाणूकण मिळून ०.१ मिलिग्रॅमच्या आत भरतात. पेशींमध्ये सुटं प्रथिनही असतं, ते हजारपट धरलं तरी १०० मिलिग्रॅम!

सिडको_अभ्यासिका, नाशिक
प्रथिन एन्झाइमसारखं वागत असेल तर? एकच रेणू हजारो हीम फोडेल.

जीवरसायन_पंचवटी
रास्त शंका. मग माझा हिशेब लागू होत नाही. पण हा वेगळा दावा झाला, आणि डॉकिंग तो दाखवू शकत नाही. ते फक्त दोन रेणू एकमेकांत बसतील का एवढंच सुचवतं. इथे शुद्ध प्रथिन आणि हिमोग्लोबिन ३७ अंशांवर एकत्र ठेवून ४१५ नॅनोमीटरजवळचं (हीम जिथे प्रकाश जोरात शोषतं तिथलं) शोषण वेळेनुसार घटतं का ते पाहावं लागेल. शेजारच्या नळीत तेच प्रथिन, पण उकळून निकामी केलेलं. दोन्हीकडे सारखीच घट आली तर हिमोग्लोबिन आपसूक ऑक्सिडाइझ होतंय, प्रथिनाचा त्यात हात नाही.