खाडीकाठच्या चित्रांच्या विक्रीतून खाडीकाठची जमीन राखता येईल का?

प्रश्न – रविवारचा जलरंग (मुलुंड)

नमस्कार. आम्ही अकरा हौशी चित्रकार गेली चार वर्षे हिवाळ्यातल्या रविवारी भांडुप उदंचन केंद्राच्या (पंपिंग स्टेशनच्या) परिसरात बसून ठाणे खाडी रंगवत आहोत. तिवरांच्या रांगा, ओहोटीनंतर उघडा पडणारा चिखल आणि रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) थवे यांची सुमारे साठ चित्रे जमली आहेत. येत्या थंडीत त्यांचे प्रदर्शन भरवून विक्रीची रक्कम या काठाच्या रक्षणासाठी द्यावी, असे आमच्या मनात आहे. अमेरिकेत निसर्गचित्रकारांच्या अशा मदतीतून स्थानिक न्यास जमीनच विकत घेतात, असे वाचले होते. मुंबईत तसे करता येते का? येत नसेल, तर आमच्या चित्रांचा या जमिनीला खरोखर उपयोग कसा होईल?

उत्तर १ – ओहोटी

जमीन विकत घेण्याचा विचार सोडून द्यावा, असे मी सुचवेन. १९४८ च्या कुळवहिवाट अधिनियमामुळे शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन परवानगीवाचून घेता येत नाही, आणि आपण रंगवता तो काठ तर बव्हंशी शासनाचाच आहे. तो २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आणि कांदळवन (तिवरांचे जंगल) तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासूनच मनाई केलेली आहे.

मालकी हातात नसतानाही चित्र काय करू शकते, याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. १८७१ मध्ये यलोस्टोनच्या शासकीय मोहिमेबरोबर थॉमस मोरान हा चित्रकार आणि विल्यम हेन्री जॅक्सन हा छायाचित्रकार गेले होते. त्यांनी आणलेली जलरंगचित्रे आणि छायाचित्रे तो प्रदेश कधीही न पाहिलेल्या लोकप्रतिनिधींपुढे ठेवली गेली आणि मार्च १८७२ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला. तेथेही चित्रांच्या पैशातून जमीन घेतली गेली नव्हती. ती आधीपासूनच सार्वजनिक होती आणि तिचे काय करायचे हे ठरवणाऱ्यांना ती दिसणे गरजेचे होते.

म्हणून माझा आपल्याला एक प्रश्न आहे. खाडीकडे तोंड करून बसल्यावर आपल्या पाठीमागे काय असते? भांडुप, कांजूर आणि मुलुंडची मिठागरे. त्यांतली सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्विकासातील घरांसाठी देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. घरांची गरज खरी आहे, हे मी नाकारत नाही. परंतु पावसाळ्यात पाणी सामावून घेणारी ही सखल जमीन बहुतेक मुंबईकरांना द्रुतगती मार्गावरून जाताना ओसाड माळासारखी दिसते, आणि ओसाड दिसणाऱ्या जागेसाठी कोणी हळहळत नाही. रोहित पक्ष्यांची चित्रे पुष्कळ झाली आहेत. मिठागरांचे चौकोन, त्यांचे बांध आणि आषाढातले भरलेले पाणी मात्र मी आजवर एकाही प्रदर्शनात पाहिलेले नाही. तेवढे आपण रंगवावे, आणि प्रत्येक चित्राखाली जागा, तारीख व भरती-ओहोटीची वेळ लिहावी, म्हणजे उद्या कोणी त्याच जागी उभा राहून तुलना करू शकेल.

उत्तर २ – जुना कुंचला (गिरगाव)

मी व्यवसायाने चित्रकार असल्याने व्यवहाराविषयीच लिहितो. विक्रीचा किती हिस्सा देणगीत जाणार, तो चौकट आणि सभागृहाच्या खर्चाआधी मोजायचा की नंतर, हे प्रदर्शनापूर्वी लेखी ठरवा; चांगल्या हेतूने एकत्र आलेले गट याच मुद्द्यावर दुरावतात, आणि मी एका अशा गटात होतो. चित्राची किंमत आणि देणगी यांच्या पावत्या वेगळ्या ठेवा, कारण चित्र विकत घेणाऱ्याला त्या किमतीवर करसवलत मागता येत नाही. चित्र विकले तरी लेखी करार नसेल तर त्याचे प्रताधिकार चित्रकाराकडेच राहतात, म्हणून टपालकार्डे आणि दिनदर्शिका छापण्याची मुभा प्रत्येकाकडून लेखी घ्या.

या छोट्या वस्तूंना कमी लेखू नका. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्यांना १९३४ पासून दरवर्षी बदकाचे चित्र असलेला एक शासकीय स्टँप विकत घ्यावा लागतो, आणि त्याच्या दर डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ अधिवासासाठी जातात. साठ चित्रे साठ घरांत जातील. कार्डे शेकडो घरांत जातील.

उत्तर ३ – खाडीची लेक

मी ऐरोलीकडच्या काठावरच्या कोळीवाड्यात वाढले. वरचे यलोस्टोनचे उदाहरण वाचताना एक गोष्ट सांगावीशी वाटली: ते उद्यान झाले तेव्हा तेथे पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या आदिवासींना बाजूला सारले गेले. आपल्या चित्रांत तरी तसे होऊ नये. खाडीच्या चित्रांत मला पक्षी दिसतात, पण होडी दिसत नाही, चिंबोरी पकडणारा हात दिसत नाही, चिखलावर उड्या मारणारी निवटी ही मासळी दिसत नाही. रोहित काही महिन्यांचे पाहुणे आहेत. निवटी बाराही महिने त्याच चिखलात असते. माझी आजी खाडीतल्या मासळीच्या जागा नावानिशी सांगत असे, आणि त्यांतल्या काहींवर आज भराव आहे. अशा म्हाताऱ्या माणसांसमवेत बसून त्यांच्या आठवणीतली खाडी कोणी रंगवली, तर ती चित्रे मी आमच्या समाजमंदिरात लावून घेईन.

प्रश्नकर्ता – रविवारचा जलरंग

तिघांचेही मनापासून आभार. काल आम्ही साठही चित्रे जमिनीवर मांडून पाहिली. त्यांत मिठागर एकाही चित्रात नाही आणि माणूस फक्त दोन चित्रांत आहे, तोही पाठमोरा. प्रदर्शन आता पुढच्या वर्षावर ढकलले आहे. हा पावसाळा मिठागरांच्या बाजूच्या सार्वजनिक रस्त्यांवरून रंगवायचा, असे ठरले आहे. ऐरोलीच्या ताईंना विनंती आहे की, आपल्या कोळीवाड्यात आम्ही कोणाला आणि कधी भेटावे, हे कृपया खासगी संदेशातून कळवावे. आम्ही पहिल्या भेटीला रंग न आणता केवळ ऐकायला येऊ.