मदत हवी आहे: चौथीतली मुलगी शाळेत गप्प, गल्लीत मात्र बडबडी

मुलगी ९ वर्षांची. तिसरीपर्यंत खानापूरजवळच्या गावात मराठी शाळेत होती. जूनपासून आम्ही बेळगावात वडगावला राहतो आणि ती इंग्रजी माध्यमात चौथीत आहे. मधल्या सुट्टीत वर्गातल्या मुली कन्नडमध्ये बोलतात. हिला कन्नड समजतं थोडंफार, पण बोलायला तोंड उघडत नाही.

दोन महिन्यांपासून सोमवारी सकाळी पोटात दुखतं. रविवारी अजिबात नाही! डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही दोष नाही. बाईंना भेटलो, त्या म्हणाल्या, "शांत आहे, त्रास काही नाही." कन्नडची शिकवणी लावली, मार्क सुधारले, पोटदुखी तशीच. मला जास्त खटकतं ते हे, की ती आता रोज स्वतःला इतरांशी ताडून बघते. "मी ढच आहे, मला कोण घेणार खेळायला?" या वयात मुलं अशी तुलना करू लागतात हे वाचलंय, पण तुलना कुठवर साधी आणि कुठून काळजीची?

आजी म्हणते, "मोठी झाली की सुटेल की." मला तेवढं थांबवत नाही. वर्षाच्या मध्ये शाळा बदलणं शक्य नाही, आणि घरी मराठी सोडायची नाही.

खरी अडचण भाषेची आहे की मैत्रीची, हे तिला न टोचता कसं काढून घ्यायचं? वर्गातली एखादी मुलगी घरी खेळायला बोलवावी का? आणि काय दिसलं तर न थांबता धारवाडच्या डिमहान्सला (मानसिक आरोग्याच्या सरकारी रुग्णालयात) दाखवायचं?