उपासनेत मंडळीने भाग घ्यावा, हा पाळकांचा आग्रह योग्य आहे का?

नगरचा वाचक:
आमच्या मराठी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकसाहेबांनी (धर्मगुरूंनी) जाहीर केले की, आगमनाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळातल्या, पहिल्या रविवारापासून दर आठवड्याला एका कुटुंबाने शास्त्रपाठ वाचावा, प्रार्थना करावी आणि गीतेही निवडावीत. काही वडीलधारी मंडळी यावर नाराज आहेत. मला मात्र हा आग्रह सर्वस्वी योग्य वाटतो. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात (ओवी २६) जमलेल्यांपैकी कोणाजवळ स्तोत्र आहे, तर कोणाजवळ शिक्षण. एकाने बोलावे आणि बाकीच्यांनी बाकावर बसून राहावे, असे चित्र तिथे नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी अभंग-ओव्यांच्या वळणाची ख्रिस्ती गीते लिहिली, त्यामुळे परक्या चालींपाशी अडखळणाऱ्या मराठी गळ्यालाही उपासनेत आपला सूर सापडला. तो वारसा सांगणाऱ्यांनीच आता गप्प बसावे, हे पटत नाही.

निवृत्त शिक्षक:
त्याच अध्यायाची शेवटची, म्हणजे ४० वी ओवीही वाचावी. सर्व काही शिस्तीने व्हावे, असे पौल तिथे बजावतो. वाचणारा बायबलमधील दानिएलाच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात नबुखद्नेस्सर या राजाच्या नावाशी तीनदा अडखळतो, मागच्या बाकावरची मुले हसतात आणि राजाच्या मूर्तीला नमन न केल्याने अग्निकुंडात टाकलेल्या त्या तिघांची निष्ठा कोणाच्याच मनापर्यंत पोहोचत नाही. पाळकांनी धर्मशिक्षणात वर्षे घालवली आहेत. वचन नीट ऐकायला मिळणे हा मंडळीचा हक्क आहे, आणि कोणाला तरी संधी मिळावी म्हणून त्यावर पाणी सोडता येणार नाही.

वसईकर:
आम्हा कॅथलिकांकडे हा वाद जुना आहे. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी मंजूर केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात, सक्रिय सहभाग हा बाप्तिस्म्यामुळे मिळालेला हक्क आणि कर्तव्यही आहे, असे म्हटले आहे. प्रत्येकाने आपल्या वाट्याचे सर्व करावे, पण तेवढेच करावे, असेही त्यातच आहे. म्हणून वाचन करणाऱ्यांची तयारी करून घेणे भागच आहे. दारात चिठ्ठी हातात देऊन ‘आज तुम्ही वाचा’ म्हणणे, हा वाचणाऱ्यावर आणि ऐकणाऱ्यांवर सारखाच अन्याय आहे.

गायनवृंदातील एक:
माझी हरकत वेगळी आहे. सर्वांसमोर उभे राहण्याच्या कल्पनेने ज्यांचा घसा कोरडा पडतो, त्यांच्यासाठी नावांची यादी म्हणजे सक्ती आहे. शांत बसून मनोभावे ‘आमेन’ म्हणणारी विधवा बाई उपासनेत भाग घेत नाही, असे कोण म्हणेल? पाळकांनी बोलवावे, गळ घालावी; पण नकार देणाऱ्याला श्रद्धेत उणे ठरवू नये.

नगरचा वाचक:
हे मला मान्य आहे, आणि यादीत नाव घालण्याआधी विचारले जावे, असे मी पाळकसाहेबांना कळवणार आहे. मात्र अडखळण्याच्या भीतीने वाचनच बंद ठेवणे मान्य नाही. शनिवारी संध्याकाळी अर्धा तास बसून तो अध्याय मोठ्याने वाचून घेतला, तर नबुखद्नेस्सर कोणालाही म्हणता येईल.

निवृत्त शिक्षक:
शनिवारची तयारी नियमित होणार असेल, तर वाचनाला माझा विरोध राहणार नाही. उच्चार करून घ्यायला मी स्वतः येईन. प्रवचन मात्र पाळकांनीच करावे, या मतावर मी ठाम आहे.