मदत हवी आहे: विशेष मुलांच्या वर्गात चित्रकथीचे कलाकार बोलवायचेत, तयारी कशी करू?

मंडळी, मी सिंधुदुर्गात एका छोट्या विशेष शाळेत शिकवते. वर्गात नऊ मुलं, वयं ८ ते १४. बहुतेकांना बौद्धिक अक्षमता, दोघं स्वमग्न, एक मुलगी व्हीलचेअरवर. हाताशी एक मावशी.

कुडाळजवळचं पिंगुळी आम्हाला लांब नाही. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या तिथल्याच. परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली, ते गाव. तिथलं कुणीतरी मला वर्गात आणायचंय, स्नेहसंमेलनाच्या स्टेजवर नव्हे. चित्रकथीत एक चित्र समोर येतं, त्याची कथा सांगून होते, ते बाजूला जातं, मग पुढचं. आमच्या वर्गातला दिवस असाच कार्डांवर चालतो: प्रार्थना, डबा, खेळ, घर. झालं की कार्ड उलटं. म्हणजे ही रीत मुलांच्या अंगवळणी पडलेलीच आहे!

पण गेल्या वर्षी हात पोळलेत. ढोलकीवाले एक दादा आले होते. पहिल्याच थापेला एक मुलगा कान दाबून टेबलाखाली गेला, तो डबा खायलाही बाहेर येईना. दादा ओशाळले, "माझं काय चुकलं का बाई?" चुकलं माझं, त्यांना मी काही सांगितलंच नव्हतं. त्याआधी एका चित्रकारांनी मुलांचे हात धरधरून वारली काढून घेतली. फोटो झकास आले. चित्रं मात्र त्यांचीच.

तर कलाकाराला आधी काय आणि किती सांगायचं? फार सांगितलं तर माणूस बिचकतो. कथेबरोबर वाजणारे टाळ आणि हुडुक (डमरूसारखं छोटं वाद्य) हळू वाजवा म्हटलं तर वाईट वाटेल का? छायाबाहुल्यांना अंधार लागतो, त्या सध्या नकोतच ना? आणि एका दिवसाऐवजी चार शुक्रवार बोलवायचं तर मानधन कसं ठरवता? पालकांकडे मागायला जीव होत नाही.

प्रतिसाद: ताई, आमच्याकडे कुंभारकाका यायचे, त्यावरून सांगते. पहिल्या दिवशी कला नाहीच. नुसते येऊन बसले, मुलांबरोबर चहा-बिस्कीट, झालं. आठवडाभर आधी त्यांचा फोटो वेळापत्रकाच्या कार्डांत लावला होता, त्यामुळे दारात दिसताच मुलांनी ओळखलं. काकांना दोनच गोष्टी सांगितल्या: मूल उठून गेलं तर बोलावू नका, आणि त्याचा हात धरू नका. वाद्य आधी मुलांच्या हातात द्या, आवाज त्यांनाच काढू दे. अंधार नकोच.

धागाकर्ती: फोटोचं कार्ड उद्याच करते. पण ताई, तो चहा-बिस्किटाचा दिवस मानधनात धरलात का? त्यांचा तर रोजगार बुडणार.

प्रतिसाद: धरला. जाण्यायेण्याचं भाडंही वेगळं दिलं. चारऐवजी तीनच खेपा परवडल्या, पण पूर्ण पैसे देऊन.