मदत हवी आहे : १९८५ची फोर्ड एफ-१५०, कार्ब्युरेटर कोणता बसवू?

नमस्कार मंडळी. टेक्ससमध्ये राहतो. गेल्या दिवाळीत हौसेने हा जुना पिकअप ट्रक घेतला. ४.९ लिटर, सहा सिलिंडर एका रांगेत. ३०० घन इंचांचं म्हणून इथे ‘थ्री हंड्रेड’ म्हणतात. इंजिन दणकट आहे, दुखणं त्याच्या कार्ब्युरेटरचं (हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा भाग). मूळचा कार्टर कंपनीचा सिंगल बॅरल (हवेला एकच नळी असलेला), गाडीतल्या संगणकाच्या हुकमावर मिश्रण कमीजास्त करणारा. आधीच्या मालकाने त्याची वायर कापून टेप गुंडाळलीय. थंड असताना ठीक, पण तापला की सिग्नलला आयडलिंग वरखाली आणि मग बंद. सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवलं तर काजळीने काळं होतं. बॉनेटखाली व्हॅक्यूमच्या (इंजिनाच्या शोषणावर चालणाऱ्या) नळ्यांच्या नुसत्या शेवया. दोन तर कुठेच जात नाहीत, तोंडात बोल्ट कोंबलेत!

मला हे सगळं साधं करायचंय. शर्यत लावायची नाही, शनिवारी बागेसाठी खत-माती आणायची एवढंच.

इंजिनाला हवा किती लागेल याचा हिशेब केला: ३०० घन इंच × मिनिटाला ४००० फेरे ÷ ३४५६ (सूत्रातला ठरलेला आकडा) = ३४७, सिलिंडर पूर्ण भरत नाहीत म्हणून त्याचे ८० टक्के धरले तर २७८ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा). म्हणजे मोटरक्राफ्ट २१०० या दोन बॅरलवाल्या कार्ब्युरेटरमधला १.०८ मापाचा (२८७ सीएफएम) पुरेल, पण मॅनिफोल्डवर (सिलिंडरांकडे मिश्रण नेणारा भाग) अडॅप्टर लागणार. दुसरा पर्याय वेबर ३२/३६, त्याला पेट्रोलचा साडेतीन पीएसआयच्या आसपासच दाब लागतो, माझा पंप सहा देतो. म्हणजे रेग्युलेटर आलाच. की गुमान संगणकाविना चालणारा साधा कार्टर वायएफ टाकू? आणि नळ्या कोणत्या काढू?

—

प्रतिसाद १ : अहो, कार्ब्युरेटरचं नंतर बघू. डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क प्लगांना वीज वाटणारा भाग) अंगाला व्हॅक्यूमची गोल डबी आहे का? तुमच्या मॉडेलला बहुतेक नसेल. ठिणगीचं टायमिंग पुढेमागे करतो तोच संगणक. तो काढलात की टायमिंग एका जागी थिजणार. मग वर कोणताही कार्ब्युरेटर ठेवा, चढावर गाडी रडणार आणि पेट्रोल पिणार. आधी व्हॅक्यूमच्या डबीचा जुना ड्युरास्पार्क-२ डिस्ट्रिब्युटर शोधा, त्याच्या इग्निशन मोड्यूल-कॉइलसकट. मग वायएफ. जागच्या जागी बसतो, एअर फिल्टरचं डबडंही तेच चालतं. तुमच्या कामाला दोन बॅरल कशाला?

ब्रेक बूस्टर, पीसीव्ही (इंजिनाच्या पोटातल्या वाफा ओढून घेणारा व्हॉल्व्ह) आणि पेट्रोलच्या वाफा धरणाऱ्या कोळशाच्या डब्याची नळी काढू नका, नाहीतर गॅरेजभर पेट्रोलचा वास. ईजीआरही (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) राहू द्या. कायद्याचं आहेच, शिवाय तो काढला की लोड पडल्यावर इंजिन नॉक करायला (आतून ठकठक वाजायला) लागतं.

—

धागाकर्ता : टॉर्च घेऊन बघून आलो. डबी नाही. उद्या भंगारवाल्याकडे चक्कर.